ठिणगीची घाई

नेनच्या खाडीवर मार्चमधला बर्फ अजून घट्ट आहे,
घरात लाकडं उरलीत दोन दिवसांपुरती,
कोमाटिक जोडून तयार,
आणि आमची स्नोमोबाइल कालपासून
अंगात आल्यासारखं करतेय.

दोरी ओढली की इंजिन पेटतं. पेटतं, हो.
मग ढास लागते, मग दोन उचक्या,
आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून एकदम
ठो!
बोआझची कुत्री ताडकन उठून उभी राहतात
आणि बोआझ खिडकीतून दोन्ही हात वर करतो:
शरण आलो, बाई.

आताता शेडच्या दारात उलट्या बादलीवर बसलेत.
चाळीस हिवाळे इंजिनांना कान लावून लावून
कानच गेले त्यांचे.
आता विचारतात, "काय म्हणतंय?"
"फटफटतंय."
"ते सगळीच. नीट सांग."

प्लग काढले. एकाचं तोंड ओलं, काळंकुट्ट,
दुसऱ्याचं चहासारखं.
दोन्ही बदलले. ठो!
पेट्रोल बाटलीत घेऊन उजेडाला धरलं,
तळाशी पाण्याचा एक मणी.
सापडला चोर, म्हटलं.
टाकी उपसली, नवं भरलं.
ठो!
मग लेकाच्या गिटारची सगळ्यात बारीक तार
न विचारता काढून आणली
आणि जेट साफ करत बसले,
त्या भोकातून पलीकडची टेकडी दिसेपर्यंत.
टेकडी दिसली. ठो!

बोटं आपली वाटेनात तेव्हा काखेत कोंबली
आणि इंजिनाला जे सुनवायचं ते सुनवलं.
आतातांना काही ऐकू जात नाही.
ओठ वाचता येतात, हे मी विसरले होते.

"झालं असेल बोलून," ते म्हणाले,
"तर आता त्याचा आवाज काढून दाखव."
"मी?"
"इथे दुसरं कोण आहे?"

मग मी, बत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई,
उघड्या बर्फात उभी राहून
तोंडानं इंजिन झाले.
ते माझे गाल बघत होते, गळ्याची शीर बघत होते.
उठून आले, पाठीवर तळहात ठेवला,
लहानपणी मला खोकला झाला की ठेवायचे तसा.
"पुन्हा. अगदी दोरी ओढण्यापासून."

मी हवेतली दोरी ओढली
आणि माझा खांदा आपोआप
हिसका बसल्यासारखा मागे फिरला.
सकाळपासून दोरी तशीच उलट खेचत होती,
मूठ हातातून हिसकावून घेत होती,
आणि तेवढंच सांगायचं राहिलं होतं.

"हां," आताता म्हणाले.
"मग घसा नको तपासू.
पिस्टन अजून चढतोय, दम खातोय,
आणि ठिणगी पडून मोकळी.
प्रश्न पुरा व्हायच्या आत
कुणीतरी उत्तर देतंय."

फ्लायव्हील निघायला दुपार गेली.
पुलर आवळायचा, एक ठोका, थांबायचं.
आवळायचा, एक ठोका.
सुटलं ते भांडं पडावं तसं.
आत शाफ्टच्या खाचेत
अर्ध्या चंद्राची चावी, माझ्या करंगळीच्या नखाएवढी,
मधोमध कातरलेली,
वरची फाक थोडीशी सरकलेली.
एवढंसंच.

आतातांनी ती तळहातावर घेतली,
चष्मा कपाळावर ढकलून पाहत राहिले.
"तुझी आई अशीच.
मी वाक्य सुरू करायचो, ती संपवायची."
मग थोड्या वेळानं:
"बहुतेक वेळा बरोबर संपवायची."

बिस्किटांच्या डब्यात चावी नव्हती.
बोआझच्या परसात बर्फाखाली मेलेली एक गाडी आहे,
तिच्या पोटात होती.
त्यानं बदल्यात एक खेप लाकडं मागितली
आणि शांतता.

अंधारून आलं तेव्हा दोरी ओढली.
दोरी सरळ परत गेली.
आतातांनी हातमोजा काढून पंजा हूडवर टेकला,
डोळे मिटले.
"जमलं" माझ्या ओठांवर आलं होतं.
गिळलं.
त्यांना सावकाश म्हणू दिलं, हवं तेव्हा.

पलीकडे बोआझची कुत्री
शेपटीत नाक खुपसून झोपलेलीच राहिली.